निवृत्ताच्या हातातील रंधा

देवदिवाळी मागे पडली की बडोद्याच्या आसपासच्या खेड्यांचे रूप हळूहळू पालटू लागते. वेचणीला आलेला कापूस शेतात पांढरा दिसू लागतो, तुरीची झाडे फुलांनी पिवळी होतात आणि भल्या पहाटे ढाढर नदीच्या काठी विरळ धुके तरंगते. खरी थंडी अद्याप यावयाची असते. परंतु तिची चाहूल माणसाच्या आधी घरातल्या लाकडाला लागते. पावसाळ्यात फुगून अडणारे दार आता एका बोटाने लोटले तरी मिटते. श्रावणात जो खण ओढता ओढता हात दुखत, तो कार्तिकात आपण होऊन पुढे सरकतो. हवेतील ओल कमी झाली की लाकूड आटते. ते लांबीत जवळजवळ आटत नाही. आटते ते रुंदीत, रेषेच्या आडव्या दिशेने. सुतारकामातील बरेचसे शहाणपण एवढ्या एका गोष्टीत साठलेले आहे.

या ऋतूतील एका गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. जन्मभर बडोद्यातील एका कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि कागद पुढे सरकविण्यात त्याचे दिवस गेले. वयाच्या ५८ व्या वर्षी हारतुरे झाले, भाषणे झाली आणि डभोईच्या बाजूस असलेल्या वडिलार्जित घरी तो पत्नीसह राहावयास गेला. पहिले काही महिने तो नित्याच्या वेळी उठे, स्नान करी, स्वच्छ कपडे घाली आणि नंतर ओसरीवर बसून राही. जावयाचे कोठेच नव्हते. निवृत्तिवेतन वेळेवर येत होते, प्रकृती ठीक होती, मुले आपापल्या ठिकाणी सुखी होती. तरीही, आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, हा विचार त्याला दिवसभर बोचत राही. निवृत्तीचे हे दुःख कोणाला सांगता येत नाही. सांगितले तर लोक त्यास भाग्याचे दुखणे म्हणतात.

एके दिवशी देवघरातील जुन्या चौरंगाचा पाय निखळला. गावचा सुतार शेजारच्या गावी कामाला गेला होता. वाट पाहण्यापेक्षा आपणच पाहू, असे म्हणून गृहस्थाने अडगळीतून हातोडी काढली. पाय बसला, पण वाकडा बसला. संध्याकाळी सुतार आला. त्याने चौरंग उलटसुलट करून पाहिला आणि हसू दाबून विचारले, “साहेब, खिळा का मारलात? लाकडाला लाकडाने धरायचे असते.” खिळा गंजतो, भोक सैल होते, खाचेत नेमके बसविलेले लाकूड मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्या दिवशी गृहस्थाला कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुताराच्या दारी जाऊन उभा राहिला. “काका, मला शिकवाल का?” असे विचारताना आयुष्यात प्रथमच आपण खरोखर काही मागत आहोत, असे त्यास वाटले.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. गायकवाडांच्या राज्यात जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांतील पुष्कळांचा व्यवसाय तलवारीचा किंवा लेखणीचा होता. पुढे तलवार गेली, लेखणी राहिली. लेखणीबरोबर एक समजही घराघरांत राहिला, तो असा की बुद्धीचे काम प्रतिष्ठेचे आणि हातांचे काम दुसऱ्याचे. ही समजूत बडोद्यातच मोडावी, असा मोठा प्रयत्न एकदा झाला होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवनाची स्थापना केली. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि ते जन्मले होते सुरतेच्या एका सुतार कुळात. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला, बांधकाम असे विषय तेथे लोकांच्या भाषेत शिकवावेत, हा त्यांचा आग्रह होता. चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याचा भाग बनले. त्याची भव्य वास्तू आजही उभी आहे. तिच्यावरून रोज कचेरीत जाणाऱ्या किती लेखणीबहाद्दरांच्या मनात तिचा अर्थ उतरला असेल, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

आपल्या गृहस्थाच्या मनात तो ५८ वर्षांनंतर उतरला. पहिले दोन महिने त्याने केवळ रंधा धरावयास शिकण्यात घालविले. रेषेच्या उलट रंधा चालविला की लाकूड उचकटते. रेषेबरोबर चालविला की सालपट कागदासारखे वळत बाहेर पडते. पटाशीला धार नसेल तर हात जोर करतो, आणि जोर केला की काम बिघडते. साग चिवट व तेलकट असतो. तो पाण्याला व वाळवीला दाद देत नाही, पण हत्यारांची धार लवकर घालवितो. कचेरीत चूक झाली तर दुसरा कागद घेता येई. येथे गुण्या न लावता कापलेली फळी पुन्हा जोडता येत नव्हती. त्याने केलेले पहिले स्टूल डगमगू लागले तेव्हा सुताराने काही न बोलता खिशातून एक नाणे काढून आखूड पायाखाली सरकविले. त्या नाण्याच्या जाडीएवढा धडा गृहस्थ पुढे विसरला नाही.

थंडीच्या आरंभी एकदा दोघे संखेड्यास गेले. ओरसंग नदीच्या काठी वसलेले हे गाव पूर्वी बडोदे राज्यात होते. २०१३ सालापासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. तेथील खरादी-सुतारांचे कातीव लाकूडसामान सर्वत्र प्रसिद्ध आहे. सावंतवाडीच्या रंगीत लाखकामाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना संखेड्याचे पाळणे, झोपाळे आणि खुर्च्या पाहून ओळखीचा आनंद होईल. सागाचा तुकडा चरकावर फिरवून त्यास गोलाई देतात. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. तांबड्या पृष्ठभागावर जी सोनेरी वेलबुट्टी झळकते तिच्यात सोन्याचा अंशही नसतो. ते असते सरसात कालविलेले कथील. त्यावर अकीक दगड घासून चकाकी आणतात आणि वरून पारदर्शक लाखेचा हात देतात. त्या लाखेतून पाहिले की कथिलाचे सोने दिसते. शेवटची झिलई केवड्याच्या पात्याने होते.

गृहस्थ हे सर्व लहान मुलासारखा पाहत राहिला. परतताना तो म्हणाला, “काका, काय सुखाचे काम आहे हे!” सुतार काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “साहेब, तुम्हाला सुखाचे आहे, कारण पहिल्या तारखेला तुमचे पैसे येतात. माझे गुडघे दुखतात, तरी मला कोणी निवृत्त करीत नाही.”

या शब्दांत कडवटपणा नव्हता. जे होते ते सांगितले होते. परंतु गृहस्थाला त्या रात्री झोप आली नाही. दोघे जवळजवळ एकाच वयाचे. एकाच्या हाती रंधा विसावा म्हणून आला, दुसऱ्याच्या हातून तो सुटत नाही. कारागिरीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये. छंद म्हणून केलेल्या कामाला जी शांती लाभते, तीच पोटासाठी केलेल्या कामाला लाभावी असे वाटत असेल, तर त्या कामाचे मोल पुरेपूर दिले पाहिजे. त्या दिवसापासून गृहस्थाने दोन नियम केले. सुताराच्या मजुरीत घासाघीस करावयाची नाही, हा पहिला. ज्या कामाने सुताराचा रोजगार बुडेल ते काम गावात कोणासाठी फुकट करावयाचे नाही, हा दुसरा.

हातांच्या कामाला मान देण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. गोरोबा कुंभार होते, सावतोबा माळी होते, नरहरी सोनार होते; त्यांनी भक्तीसाठी धंदा टाकला नाही. ख्रिस्ती परंपरेत तर प्रभू येशू सुताराच्या घरी वाढले, आणि त्याच घरातील कष्टाळू योसेफाच्या नावाने १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकऱ्यांचा सण म्हणून नेमून दिला. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. त्याची ओळख त्याच्या वागण्यावरून आणि कामावरून उरली आहे. संतांना जे साधले ते आपणा सर्वांना साधेलच असे नाही. पण उतारवयात तरी त्या वाटेने चार पावले टाकता येतात.

आता त्या ओसरीवर सकाळची कोवळी उन्हे येतात तेव्हा रंध्याचा आवाज ऐकू येतो. गृहस्थ नातीसाठी एक लहानसे कपाट करीत आहे. त्याच्या खणाला त्याने दोन्ही बाजूंस केसभर जागा सोडली आहे. आज खण थोडा सैल वाटतो, पण श्रावणात तो अडणार नाही. भिंतीशी त्याने सागाच्या नव्या फळ्या, मध्ये बारीक पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेविल्या आहेत. एक इंच जाडीच्या फळीला वाळावयास सुमारे एक वर्ष द्यावे, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. म्हणजे त्या फळ्या पुढच्या थंडीत हाती घेता येतील. शेजारी विचारतात, “एवढी घाई कसली? लागतील तेव्हा आणता येतील.” गृहस्थ हसतो आणि खडूने प्रत्येक फळीवर महिना लिहून ठेवतो.