रात्री ताप आला तर?

किमोथेरपीच्या पुढच्या फेरीला आलेल्या बाईला मी विचारते, 'कसं गेलं?' उत्तर ठरलेलं, 'ठीक आहे.' मग सोबतची मुलगी हळूच सांगते, की चौथ्या दिवशी आईच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आज बरं वाटतंय म्हटल्यावर मागचे वीस दिवस बायका सहज पुसून टाकतात. काहींना भीती असते, की तक्रार केली तर औषधच कमी करतील.

म्हणूनच त्रासाची नोंद त्याच दिवशी व्हावी. युरोपातल्या पाच देशांत ८२९ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णही होत्या. मळमळ, थकवा, तोंड येणं, हातापायांना मुंग्या, ताप अशा प्रश्नांची उत्तरं त्यांनी रोज मोबाइलवर द्यायची. उत्तर काळजीचं असलं की इस्पितळात इशारा जाई. लाल इशारा असेल तर अर्ध्या तासात तिथून फोन यायला हवा, असा नियम होता. या रुग्णांचा त्रास इतरांपेक्षा कमी राहिला.

न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर असाच प्रयोग झाला होता. कर्करोग शरीरात पसरलेले हे रुग्ण. संगणकावर लक्षणं नोंदवणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१ महिने भरलं, नेहमीसारखे उपचार घेणाऱ्यांचं २६. आणि गंमत म्हणजे, पूर्वी संगणकाला हात न लावलेल्यांनाच फायदा अधिक झाला! 'आमच्या आईला हे जमणार नाही' म्हणणाऱ्या मुलांनी हे ऐकून ठेवावं.

पण दोन्हीकडे उत्तर वाचून हालचाल करणारी नर्स होती. आज मोबाइलवर अशी ॲप फुकट मिळतात. त्यांच्या पलीकडे कुणी नसेल, तर ती नुसती डायरी. फेरीपूर्वी डॉक्टरांना दाखवायला उपयोगी, हे खरं. पण तापाला तिचा उपयोग नाही. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीची वेळ. घरातली गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, लगेच इस्पितळ गाठायचं.

तेव्हा पहिल्या फेरीलाच विचारा, 'रात्री दोनला ताप आला तर फोन कुणाला करू?' मिळालेला नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहा. नंबर दोन मागा. एक हमखास बंद लागतो.