चौघांची मॅरेथॉन

मंडळी, आपल्या जिममधल्या रोइंग मशीनवर पूर्वी टॉवेल वाळायचे! मग आम्ही चौघांनी ठरवलं, मिळून मॅरेथॉनचं अंतर कापायचं, ४२,१९५ मीटर. रोज प्रत्येकी पाचशे. चौघांचे मिळून २,०००. रिओ ऑलिंपिकमध्ये आपले दत्तू भोकनळ तेवढं एकटे, एका दमात वल्हवले. (जोर पायांनी लावायचा, हे आम्हाला कंबर धरल्यावर कळलं.)

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची बायपास झालेली. डॉक्टरांना विचारूनच यायचे, पण सावकाश. मला ऑफिसची घाई. एकदा बोलून गेलो, "काका, तुमचे मीच मारतो." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही. शेवटी वर जाऊन माफी मागितली.

"माझे मीटर शिल्लक ठेवलेत ना?" एवढंच विचारलं त्यांनी.

ठेवले होते. शेवटचे १९५ तर त्यांचेच. आम्ही तिघं बाजूला आकडे मोजत उभे.