ओळखीच्या माणसाची गाडी

(हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोड नाही, नोकरी नाही, इंटरव्ह्यू नाही. आज गाडीबद्दल बोलायचंय. सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना काय तपासायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मी काही ऑटोमोबाइलवाला नाही, साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण यंदा आमच्या घरी एक गाडी घ्यायची होती आणि त्यात जे झालं, ते तुमच्या कामाचं आहे असं मला वाटतं.

आधी आमची गरज सांगतो. आम्ही राहतो धंतोलीत. नागपूरकरांना सांगायला नको. दर दहा पावलांवर दवाखाना, आणि दवाखान्यात आलेल्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. इथे मोठी एसयूव्ही म्हणजे रोजची परीक्षा. दुसरीकडे बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये बसायचं म्हणजे त्यांना आधी खाली वाकायचं आणि उतरताना स्वतःला वर ओढायचं. चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीची सीट थोडी उंच असते, माणूस सरळ आडवा सरकून बसतो. तेवढ्यासाठी ही गाडी हवी होती. फॅशन म्हणून नाही.

हे 'चार मीटर'चं प्रकरण काय? आपल्याकडे चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि छोट्या इंजिनच्या गाड्यांना, म्हणजे पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, करात सवलत मिळत आली आहे. त्यामुळे कंपन्यांनी एसयूव्ही त्या मापात बसवल्या. २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३०० आणि व्हेन्यू. या सगळ्या आता जुन्या बाजारात भरपूर आहेत.

तर बाबांच्या फिरायला जाणाऱ्या ग्रुपमधले एक काका. रिटायर्ड, अत्यंत सज्जन माणूस. त्यांची २०१९ ची पेट्रोल गाडी विकायची होती. पहिलाच मालक, एक्केचाळीस हजार किलोमीटर, रंग चकचकीत, किंमत सव्वासहा लाख. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही. बाबा म्हणाले, "ठरलं. ओळखीची गाडी आहे."

मी म्हटलं, "बाबा, एकदा तपासून घेऊ."

बाबांचा चेहरा उतरला. "अरे, रोज सकाळी सोबत चहा घेतो त्यांच्यासोबत. आता मिस्त्री घेऊन जायचं त्यांच्या दारात? मला लाज वाटते."

मंडळी, अख्ख्या व्यवहारातली सगळ्यात अवघड तपासणी हीच होती. डीलरकडे गेलो असतो तर आम्ही टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो असतो. ओळखीचा माणूस म्हटला की आपण फक्त रंग बघतो, हॉर्न वाजवतो आणि "छान ठेवली हं गाडी" म्हणून पेढे मागतो.

शेवटी मी बाबांना म्हटलं, "तुम्ही येऊ नका. मी जातो. वाईट मीच ठरेन."

सुरुवात कागदांपासून केली, कारण त्याला कोणाच्या दारात जावं लागत नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलानही तपासून घ्या. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बोजा तसाच असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तो विकणाऱ्याकडून आधी मिळवा, पैसे दिल्यावर नाही. आणि आपल्याकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट जवळ. तिकडच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते. पण परराज्यातली गाडी म्हटलं की तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. तो हिशेब धरूनच किंमत बोला.

काकांचे हे सगळे कागद स्वच्छ होते. मग मी विम्याची पॉलिसी मागितली. काकांनी लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली. आणि तिथे मी अडकलो.

पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' नावाचा एक आकडा असतो. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर ५०. एक क्लेम केला की तो परत शून्यावर येतो. आता काकांची गाडी जानेवारी २०१९ ची. मालक एकच. जानेवारी २०२५ च्या पॉलिसीवर ५० टक्के दिसायला हवे होते. दिसत होते २०.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर हेच करतो. सिस्टिम कधी पडली हे कोणी सांगत नसेल, तर लॉगमधल्या तारखा बघायच्या. २० टक्के म्हणजे मागचं एकच वर्ष, २०२४, कोरं आहे. म्हणजे क्लेम २०२३ मध्ये झालाय. आणि २०२३ म्हटलं की नागपूरच्या माणसाला एकच तारीख आठवते.

२३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून घरात शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, सीताबर्डी, इकडे पंचशील चौक. लोकांची फ्रिज, गाद्या, सगळं पाण्यात. आणि बेसमेंटमधल्या गाड्या. त्या गाड्यांपैकी काही भंगारात गेल्या. काही वाळवून, पुसून, परफ्यूम मारून आजही रस्त्यावर आहेत.

पण एनसीबीवरून फक्त क्लेम कळतो, कारण कळत नाही. बंपर ठोकला असेल तरी तेच दिसतं. म्हणून मी आमच्या जुन्या मिस्त्रीभाऊंना घेऊन रविवारी सकाळी काकांकडे गेलो. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, "काका, सकाळी गाडी सुरू करू नका, आम्ही आल्यावर करू." थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. बॉनेटला हात लावून बघा. आधीच गरम लागलं तर कोणीतरी तयारी करून ठेवलीय.

बाहेरचं आधी. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एक्केचाळीस हजार किलोमीटरला पहिले टायर साधारण झिजत आलेले असतात. वीस हजार चाललेल्या गाडीला नवे चार टायर असतील तर मीटरवर संशय घ्या. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते ओळीने लावून बघा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा. बॉनेट आणि दरवाज्यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत.

हे सगळं ठीक होतं. मग मिस्त्रीभाऊंनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट हातात घेतला आणि ओढत गेले. ओढत गेले, शेवटपर्यंत. बेल्टची गुंडाळी असते दोन दरवाज्यांमधल्या खांबाच्या तळाशी. गाडी धुणारा रोज दिसणारा बेल्ट पुसतो. आत गुंडाळलेला कोण पुसणार?

"भाऊ, हे पहा. इथून रंग बदलला ना? हे पान्याचं निशान हाय."

शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग स्टेपनी काढली. खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. सीटच्या रुळांवर गंज. पाय ठेवतो तिथलं कार्पेट उचललं तर वायरिंगच्या जोडावर हिरवट थर. काका बाजूला उभे होते, काही बोलत नव्हते.

मी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर नेला होता. स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट असतो, मोबाइलवर गाडीचे एरर कोड दिसतात. इथे एक गंमत लक्षात ठेवा. कोड एकही नाही, याचा अर्थ गाडी निरोगी असा नाही. कोड पुसताही येतात. पण बहुतेक गाड्यांत 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली' हेही वाचता येतं. आदल्या आठवड्यात सर्व्हिसिंग केलेली काकांची गाडी कोड पुसल्यापासून अडतीस किलोमीटर चालली होती.

शेवटी मिस्त्रीभाऊ म्हणाले, "चाबी फिरवा, इंजिन नका चालू करू." डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले. ऑइल, बॅटरी, एबीएस, हँडब्रेक. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. तो दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. पण मुळात लागलाच नाही, तर बहुतेक कोणीतरी तो दिवाच बंद केलाय.

एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा छोटा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत गिअरच्या जवळपास, खाली फ्लोअरवर बसवलेला असतो. म्हणजे पाणी शिरलं की सगळ्यात आधी बुडणाऱ्यांपैकी तो एक. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपने नेक्सॉनला पाच तारे दिले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले, आणि तेव्हापासून आपण सगळे तारे विचारायला लागलो. चांगलंच आहे. पण तारे मिळतात कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीला. तुमच्यासमोर उभी असलेली गाडी मधल्या काळात कुठे बुडाली होती, हे त्या ताऱ्यांना माहीत नसतं.

मी काकांना विचारलं, "काका, तेवीस सप्टेंबरला गाडी कुठे होती?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुलीकडे. त्यांच्या बेसमेंटमध्ये. सीटपर्यंत पाणी होतं. विम्यातून सगळं करून दिलं रे, त्यानंतर एक दिवस त्रास दिला नाही तिने. सांगावं की नाही, हेच मला समजत नव्हतं."

मग मी एअरबॅगचं सांगितलं. काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना हे खरंच ठाऊक नव्हतं. गेली दीड-दोन वर्षं ते याच गाडीतून नातीला शाळेतून आणत होते, पुढच्या सीटवर बसवून. ज्याने कोणी गाडी दुरुस्त केली, त्याने दिवा बंद करून काम संपवलं होतं आणि फसवले गेलेले पहिले गिऱ्हाईक काका स्वतःच होते.

इथे माझंही एक मत बदललं. मी जाताना मनात 'विकणारा लपवतोय' असंच धरून गेलो होतो. पाणी लपवलं, हे खरं. पण जे सगळ्यात घातक होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. ओळख माणसाची असते, मंडळी. गाडीची ओळख तिच्या मालकालासुद्धा पूर्ण नसते. म्हणून तपासणी म्हणजे अविश्वास नाही. आम्ही लाजेखातर गेलो नसतो, तर त्या सीटवर नातीऐवजी आमचे बाबा बसले असते. एवढाच फरक.

आम्ही ती गाडी घेतली नाही. काकांनी दुसरीकडे तपासणी करून घेतली, कंट्रोलर आणि खालची वायरिंग बदलली. खर्च बराच आला. गाडी आता तेच वापरतात. बाबा आणि काका महिनाभर एकमेकांशी नीट बोलले नाहीत. मग एका सकाळी काकांनीच चहाचे पैसे दिले आणि म्हणाले, "पोराला सांगा, बरं झालं."

आम्ही नंतर दुसरी घेतली, एका अनोळखी बाईंकडून. तीच तपासणी, त्याच क्रमाने. मग टेस्ट ड्राइव्ह: आधी धंतोलीच्या गल्ल्यांत रिव्हर्स आणि क्लच, मग अजनीकडून वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर स्पीड आणि ब्रेक, आणि भर दुपारी एसी. नागपूरच्या उन्हात एसी सकाळी तपासण्यात काही अर्थ नाही. डिझेल घेत असाल तर एक लक्षात ठेवा, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो, आणि रोज दोन-तीन किलोमीटरच चालवली तर तो तुंबतो. आमच्यासारख्यांनी पेट्रोलच बरं.

आणि शेवटचं, हे विकणाऱ्यांसाठीही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून "बघू नंतर" म्हणून सोडू नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय: गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. आणि घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचा. पण तो आकडा वाचायला मात्र विसरू नका.

तुमच्या शहरातही एखादी तारीख असेलच. कोल्हापूर-सांगलीची २०१९ ची, चिपळूणची जुलै २०२१ ची. गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला ॲव्हरेज नंतर विचारा. आधी विचारा, त्या दिवशी गाडी कुठे होती.

चला, भेटू पुढच्या भागात.