घरातला समुद्र
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणीतरी पाककृतींवर, भरतकामावर नाहीतर आरोग्यावर बोलावे, हा आपल्या मंडळाचा परिपाठ. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर बोला." मी होकार दिला, पण टाकीचे कौतुक सांगणार नाही, ती कशी बिघडली आणि पुन्हा कशी उभी केली तेवढेच सांगेन, असे आधीच बजावले.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. शाळेच्या सहलीत तिथे काचेला नाक लावून उभी राहिलेली मुलगी माझ्यात कुठेतरी शिल्लक होती. मुले मार्गी लागली, तेव्हा मी अडीच फुटांची काचेची टाकी आणली. त्यात खडक, वाळू, दोन नारिंगी क्लाउनफिश, तीन कोळंब्या, काही सागरी गोगलगायी आणि थोडे मऊ जातीचे प्रवाळ. पुष्कळजणी प्रवाळाला झाड समजतात. तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून त्याला स्वच्छ पाण्याइतकाच उजेडही लागतो.

दोन वर्षे सारे ठीक चालले. २०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी एक कोळंबी मेलेली दिसली. आठवड्यात उरलेल्या दोन गेल्या. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या, प्रवाळ मिटून गेले. मासे मात्र खुशाल फिरत होते. मी क्षारता मोजली, अमोनिया तपासला, दिवा बदलला. काही उलगडा होईना. शेवटी एका अनुभवी छंदी गृहस्थांनी विचारले, "पाण्यात तांबे तर नाही ना?" तपासले, तर तांबेच निघाले.

ते आले कुठून? टाकीतले पाणी रोज लिटरभर तरी उडून जाते. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे काम मी सासूबाईंवर सोपवले होते. माई रोज पहाटे रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले पाणी टाकीत ओतत. आपण जे चांगले पाणी पितो तेच मुक्या जिवांनाही द्यावे, हा त्यांचा भाव. पण माणसाला जे चालते ते कोळंबीला चालतेच असे नाही. रोज पाणी उडत होते, तांबे साठत होते. मासे बरेच तांबे सोसतात, कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना ते थोडेही विषच.

त्या दिवशी मी माईंना जे बोलले ते इथे सांगायला जीभ रेटत नाही. त्यांनी उलट उत्तर दिले नाही. पण त्यानंतर त्या टाकीकडे फिरकल्याच नाहीत. दुपारी तिथे टेकून माळ ओढायची त्यांची खुर्चीसुद्धा त्यांनी आत नेली.

रात्री झोप येईना. मी त्यांना "पाणी ओता" एवढेच सांगितले होते. कोणते, आणि का, हे सांगितले होते का? मुळीच नाही. त्यांना काय कळणार, असे मी मनात धरून चालले होते. तेव्हा चूक कळशीची नव्हती आणि माईंचीही नव्हती. सकाळी मी त्यांची क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढ्या पाण्यात ते दोनच जीव एकटे वाटतात गं. पुन्हा भर टाकी. यावेळी मला नीट समजावून सांग."

आता नव्या मांडणीचे सांगते. टाकी लहान, तर चूक लवकर भोवते. जास्त पाण्यात चूक जरा पचते. म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी केली. तिच्यात सुमारे २४० लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन अडीचशे किलोच्या घरात! तेव्हा इमारतीच्या जाणकाराला विचारून तुळईच्या वर, भिंतीलगत जागा धरली. खाली दुसरी लहान टाकी ठेवली. पाणी तिच्यात उतरते, तिथे फेस काढणारे यंत्र मळी वेगळी करते आणि पंप पाणी पुन्हा वर चढवतो.

जुने खडक आणि वाळू टाकून दिली, कारण तांबे त्यांत मुरलेले असते. नवे खडक घेताना दुकानदाराने समुद्रातून काढलेला दगड आणि त्यावरचे कठीण प्रवाळ दाखवले. पहिल्या वेळी "हे कुठून आणले?" असे मी विचारले नव्हते, यावेळी विचारले आणि परत फिरले. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. खडक रचणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून त्याचे संरक्षण आहे. घरातल्या समुद्रासाठी खरा समुद्र ओरबाडायचा, हे काही बरे नव्हे. मी कृत्रिम कोरडे खडक घेतले. मऊ प्रवाळाचे तुकडे एका मैत्रिणीने आपल्या टाकीत वाढवलेले दिले.

कुणी विचारील, समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला? आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि सांडपाण्याने दूषित. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही, त्यात प्रवाळाला लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसे नसते. तयार सागरी मीठ गाळलेल्या शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने मिसळावे.

मग थांबायचे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे सौम्य असे नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. विरजण लागल्याखेरीज दही हलवू नये, तसेच हे. मध्ये वाळूवर कुळथाच्या पिठासारखा तपकिरी थर आला. मी घाबरले, माई नाही. त्या म्हणाल्या, "नवे घर आहे, बसेल हळूहळू." थर आपोआप ओसरला. सहाव्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आल्यावर दोन्ही मासे सोडले, कोळंब्या त्यानंतर दोन महिन्यांनी.

आता माईंची खुर्ची पुन्हा टाकीजवळ आली आहे. भरीचे पाणी प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात असते आणि क्षारता त्याच मोजतात. आकडा १.०२५ हून सरकला की मला स्वयंपाकघरातून हाक येते. तांब्याची कळशीही जागच्या जागी आहे, तिचे पाणी आम्ही पितो.

भगिनींनो, ज्यांना टाकी पाहायची असेल त्यांनी संध्याकाळी दिवे लागल्यावर अवश्य यावे. मला विचारण्यापेक्षा माईंना विचारा, त्या अधिक नीट समजावून सांगतात.