ठिपक्यांचे दाणे आणि वेगळी काडी



 अध्यक्षपदावरून विषयाचा समग्र आढावा घेण्याची प्रथा आहे. ती मोडण्याची परवानगी आज मागतो. वनस्पतींच्या जीनोममध्ये जागा बदलत फिरणारे जे घटक आहेत, ज्यांना आपण ट्रान्सपोझॉन म्हणतो, त्यांच्या निमित्ताने मला एक आग्रह धरायचा आहे. शेतात वेगळे दिसणारे झाड उपटून टाकण्याआधी त्याची नोंद व्हायला हवी.

मक्याचा एक दाणा जवळून पाहा. अंग पांढुरके, त्यावर जांभळे ठिपके. काही मोहरीएवढे, काही सुईच्या टोकाएवढे. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक १९४० च्या दशकात असे दाणे वर्षानुवर्षे पाहत होत्या. रंगाच्या जनुकात ‘डीएस’ हा घटक घुसला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत तो तिथून निघून गेला, की त्या पेशीपासून झालेल्या साऱ्या पेशी पुन्हा जांभळ्या होतात. लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. डीएसला हलायला ‘एसी’ नावाचा दुसरा घटक लागतो, हेही त्यांनी संकर, कणसे आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर ताडले. तेही डीएनएची रचना उलगडण्याआधी. १९५१ च्या एका परिसंवादात त्यांनी हे मांडले तेव्हा बहुतेकांच्या ते पचनी पडले नाही. नोबेल मिळाले १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. २००९ मध्ये मक्याचा जीनोम वाचून झाला, तेव्हा त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अशाच घटकांचा निघाला.

मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणाही याच गोत्रातला. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा असा तुकडा घुसलेला आहे, हे १९९० मध्ये कळले. स्टार्च कमी, साखर जास्त, म्हणून दाण्यात पाणी जास्त. वाळताना साल आक्रसते. शाळेत आपण जो वाटाणा शिकवतो, त्याची ही खरी हकीकत पाठ्यपुस्तकात यायलाच हवी.

आता द्राक्षाकडे येतो. रंग चालू करणाऱ्या एका जनुकाच्या अगदी तोंडाशी ‘ग्रेट-वन’ नावाचा घटक बसला की ते जनुक मुके होते. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये हे दाखवले, आणि पुढे जगातल्या बहुतेक पांढऱ्या जातींत तो सापडला. ‘इटालिया’ या पांढऱ्या जातीच्या वेलीवर लाल घडांची काडी निघाली होती. तिचीच पुढे ‘रुबी ओकुयामा’ ही जात झाली. तिच्यात त्या घटकाचा फक्त टोकाचा तुकडा उरला आहे, बाकीचा गळून गेला आहे, आणि म्हणून रंग परतला आहे.

आपल्याकडच्या ‘तास-ए-गणेश’ आणि ‘सोनाका’ या थॉम्पसन या द्राक्षजातीमधूनच निवडलेल्या जाती. सांगली-सोलापूरच्या बागायतदारांनी वेलीवरची वेगळी काडी ओळखली आणि वाढवली. ही नजर मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्राइतकीच मोलाची वाटते. पण मूळ वेल आणि वेगळी काडी या दोन्हींचे नमुने शेजारीशेजारी जपले, तरच पुढे कुणी त्यांच्या जीनोमची तुलना करू शकेल. मूळ वेल एकदा तोडली की ती वाट बंद.

उतिसंवर्धनाबाबत तर हे अधिकच निकडीचे आहे. तेलताडाच्या उतिसंवर्धित झाडांना विकृत फळे का येतात, याचे उत्तर २०१५ मध्ये मिळाले: ‘कर्मा’ या अशाच घटकावरचे मिथाइलचे रासायनिक कुलूप संवर्धनात निघून जाते. जळगावच्या शिवारात उतिसंवर्धित केळी मोठ्या प्रमाणावर लागते. तिथे विकृत रोप उपटून बांधावर टाकतात; शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र त्याआधी त्याचे एक पान आणि त्याच खेपेतल्या निरोगी रोपाचे एक पान, तारखेसह, जवळच्या कृषी महाविद्यालयात पोचले पाहिजे.

म्हणून अध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या ऑक्टोबर छाटणीनंतर घड भरू लागले, की विद्यार्थ्यांना वही घेऊन बागांत पाठवा. आणि बागायतदार मित्रहो, वेगळी काडी दिसली तर तिला चिंधी बांधा, कापू नका आणि आम्हाला बोलावा.