पाठिंबा ही जामीनकी आहे

(रेणापूर येथे नगरपंचायतीच्या एका उमेदवाराला पाठिंबा देण्यासाठी भरलेल्या नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या प्रभागातील एका उमेदवाराला पाठिंबा जाहीर करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. समोर मुक्तिसंग्रामातील सैनिकांच्या घरची मंडळी आहेत, माजी सैनिक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. मला बोलावले आहे ते आशीर्वादाचे दोन शब्द बोलण्यासाठी. आशीर्वाद देण्याइतके पुण्य माझ्या गाठी नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा हिशेबाच्या भाषेतच बोलतो.

प्रथम एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नोकरीला होतो त्या गावी, अशाच एका उमेदवाराच्या पत्रकावर मी सही केली होती. माणूस सालस वाटला आणि पत्रकावर वडीलधाऱ्यांच्या सह्या होत्या. तो निवडून आला. पुढच्या पाच वर्षांत मी नगरपालिकेची पायरी एकदाही चढलो नाही. एका उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीतील एक बाई रिकामी घागर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, तुमची सही बघून मत दिलं. आता पाणी कुणाला मागू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या नगरसेवकाचा दोष किती, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी त्याला कधी काही विचारलेच नव्हते. माझा दोष मात्र मला ठाऊक आहे.

सोसायटीचे कर्ज काढताना जामीनदार लागतो, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. कर्ज थकले तर नोटीस आपल्याही दारी येणार, हे जामीनदार जाणून असतो. म्हणून सही केल्यावरही कर्जदाराच्या शेतावर त्याची नजर असते. निवडणुकीच्या पत्रकावर सही करणाऱ्याला अशी नोटीस येत नाही. त्यामुळे आपल्याकडे पाठिंबा फार स्वस्त झाला आहे. हार घातला, छायाचित्र निघाले, की आपले कर्तव्य संपले!

या मातीत पाठिंबा असा स्वस्त नव्हता. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, तेव्हा मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. राज्य करणाराने लोकांना जाब दिला पाहिजे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पुढे 1947-48 मध्ये भूमिगत कार्यकर्त्याला रात्री भाकरी देणाऱ्या, माळवदावर लपविणाऱ्या घरांनी रझाकारांचा रोष पत्करला. ती खरी जामीनकी. 17 सप्टेंबर 1948 रोजी आपण निजामाच्या राजवटीतून मुक्त झालो. राज्यकर्ता बदलला, पण जाब विचारण्याची सवय आपण अंगी बाणविली काय? त्या पिढीची माणसे आता जवळजवळ राहिली नाहीत. त्यांच्या नावाने पाठिंबा देताना त्यांचा शब्दही सांभाळावा लागेल.

निवडून दिल्यावर घरी न बसणारे मतदार काय करू शकतात, याचे उदाहरण मुंबईच्या गोरेगावात पाहावयास मिळाले. 1961 साली मृणाल गोरे तेथून मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि रिकामे हंडे घेऊन बायका त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरल्या. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना लोकांनीच दिले. सभागृहातील त्यांच्या आवाजामागे बाहेरच्या हंड्यांचे बळ होते. आपल्याला तर पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले आहे.

आता आपल्या गावाकडे या. रेणापूरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, याचा आपल्याला अभिमान वाटला. पण त्या बदलात एक गोष्ट हातची गेली. ग्रामपंचायत होती तेव्हा कायद्याने ग्रामसभा होती. तेथे कोणीही उठून सरपंचाला खर्च विचारू शकत होता. नगरपंचायतीला ग्रामसभा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नागरी स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान मिळाले, बाराव्या अनुसूचीत 18 विषय आले; परंतु प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती आहे ती 3 लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांना. आपल्यासारख्या लहान गावाचा नागरिक मत देतो आणि पुढे पाच वर्षे विचारण्याची जागा शोधत फिरतो.

ती जागा आपणच निर्माण केली पाहिजे. येथे पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाने आज एक बंधन स्वीकारावे. दर तीन महिन्यांनी प्रभागाची सभा आपण बोलवावयाची. नगरसेवकाने तेथे तीन गोष्टी सांगावयाच्या: प्रभागासाठी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, आणि सभागृहात आपण कोणत्या ठरावावर काय भूमिका घेतली. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. जेथे नगरसेविका असेल तेथे उत्तर तिनेच द्यावे, तिच्या यजमानांनी नव्हे.

दुसरे बंधन आपल्या स्वतःवर. नगरपंचायतीचे प्रभाग 17. एकेका प्रभागातील मते थोडी. थोडी मते विकत घेणे सोपे असते आणि भावकीच्या नात्याने बांधणे त्याहून सोपे. निवडणुकीत ओतलेला पैसा दान नसतो, ते भांडवल असते, आणि भांडवल परतावा मागते. तो परतावा मग आपल्याच रस्त्यातून, गटारातून, नळातून वसूल होतो. आपल्या उमेदवारासाठी पैसा वाटला गेल्याचे दिसले, तर पाठिंबा तेथेच काढून घेण्याचे धैर्य आपल्यात हवे. उमेदवार आपल्या आळीचा, आपल्या जातीचा असला तरीही.

उमेदवार समोर बसले आहेत. त्यांना ही अट जाचक वाटत असेल, तर त्यांनी आत्ताच तसे सांगावे. मन मोकळे ठेवून आपण घरी जाऊ. मान्य असेल, तर मी पत्रकावर सही करतो, पण जामीनदार म्हणून. निकाल काहीही लागो, पहिली सभा तीन महिन्यांच्या आत भरवू. आपला उमेदवार पडला, तर जो निवडून येईल त्याला बोलावू; तोही आपलाच नगरसेवक असेल. आणि त्या सभेला रिकामी घागर घेऊन कोणी आले, तर पहिली खुर्ची त्या बाईला देऊ.