मुलाला तहान विचारू नका

विषय खेळणाऱ्या मुलांच्या आहाराचा आहे, पण माझा निम्म्याहून जास्त वेळ पाण्यावरच जाणार आहे. दूध, अंडी, उसळी, शेंगदाणे यांचं महत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. डब्यात काय द्यावं यावर घरोघर खल होतो; बाटली मात्र भरून दिली की आपलं काम संपलं. संध्याकाळी ती अर्धी तशीच परत येते आणि आपण ती मुकाट्यानं सिंकमध्ये ओततो. माझं भांडण त्या उरलेल्या अर्ध्या बाटलीशी आहे. तहान लागली की पोरगं पिईलच, हा भरवसा आधी सोडा.

कोरमंगलातल्या पालकांचा आक्षेप ठरलेला: बंगळुरात कुठे एवढा उकाडा? शहर 900 मीटर उंचीवर, संध्याकाळी वारा सुटतो, हे खरंच. पण मुलं खेळतात कुठे? 1997च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमुळे या भागाला नॅशनल गेम्स व्हिलेज आणि इनडोअर स्टेडियम मिळालं, आणि आता तर गल्लोगल्ली पत्र्याच्या शेडमध्ये बॅडमिंटनची कोर्टं झाली आहेत. शटल भरकटू नये म्हणून तिथे पंखे बंद. नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. कोंदट शेडमध्ये तो टपटप गळतो आणि वाया जातो. खेळाआधी आणि नंतर मुलाचं वजन करून पाहा. 30 किलोच्या मुलाचं 600 ग्रॅम घटलं, तर 2 टक्के पाणी गेलं, आणि एवढ्यानं मोठ्या माणसाचाही दम कमी पडतो. मूल मात्र ‘आज खेळ जमला नाही’ म्हणून रुसून बसतं आणि आपण प्रशिक्षकाला दोष देतो.

कॅनडातले संशोधक ओडेड बार-ओर यांनी उकाड्यात व्यायाम करणाऱ्या मुलांसमोर हवं तेवढं पाणी ठेवलं होतं. तरी मुलांनी गेलेलं पाणी भरून निघेल इतकं प्यायलं नाही. म्हणून पुन्हा सांगते, तहान विचारू नका, वेळ ठरवा. 9 ते 12 वर्षांच्या मुलाला दर वीसेक मिनिटांनी 100 ते 250 मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा ते एक पेला. भाकरीचं पीठ आपण कसं मळतो? पाणी थोडं थोडं घालत, मुरवत. कोरडं राहिलं की थापताना कडा चिरतात, आणि मग भसकन पाणी ओतलं तर परातीत चिखल. पहाटेच्या कोचिंगला उपाशी निघालेलं मूल म्हणजे रात्रभर कोरडं राहिलेलं पीठच. त्याला निघण्याआधी पेलाभर पाणी आणि एखादं केळं किंवा इडली द्या. खेळ संपल्यावर एकदम लिटरभर ढोसलं तर पोट डुचमळणारच.

आता रंगीत बाटल्या. बार-ओर यांच्याच पुढच्या प्रयोगात, चव आणि थोडं मीठ-साखर घातलेलं पेय मुलं जास्त प्यायली, असा पुरावा तुम्ही पुढे कराल. मान्य. पण ते उकाड्यातल्या लांब व्यायामाबद्दल आहे. तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. अर्ध्या लिटरच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. दिवसभराची स्पर्धा असेल तर पातळ ताकात चिमूटभर मीठ, नाहीतर कोकम सरबत करून द्या. शहाळं जरूर द्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि मीठ कमी. घामातून पाण्याबरोबर जातं ते मुख्यतः मीठ. एनर्जी ड्रिंक तर नकोच, त्यात कॅफिन असतं. आणि ‘ओआरएस’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर छापायला 2025च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली आहे, तेव्हा घरात पडलेले जुने खोके उलटून वाचा.

शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि तशाच थेट मैदानावर येतात. तिथे बाटलीचा उपयोग नाही, पालकसभेत बोलावं लागेल. खेळणाऱ्या मुलींच्या लोहाचा मुद्दाही यालाच लागून होता, पण समोरचं घड्याळ मला थांबायला सांगतं आहे.